उघडता येणारा सांधा

१२ नोव्हेंबर १९८३, शनिवार

बापूरावांचा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. आज पॅसेंजरने वर्ध्याला जाऊन त्यांना पाहून आले. हे आले नाहीत. बापूरावांच्या बायकोने, मीराबाईंनी, माझ्या हातातला डबा घेतला, पण माझ्याकडे पाहिले नाही.

केळझरच्या अलीकडे बापूरावांच्या टॅक्सीचा स्टीअरिंगचा दांडा निसटला आणि गाडी नाल्यात गेली. चार दिवस आधी ती आमच्याच गॅरेजमधून दुरुस्त होऊन गेली होती. दांड्याच्या टोकाला लोखंडी गोळा असतो, तो वाटीत बसतो. वाटीचे झाकण किती आवळायचे ते हाताला लागते त्यावरून ठरवायचे. ह्यांनी पंचवीस वर्षे ते डोळे मिटून ठरवले. त्या हातावरच तर इथे सिंदी गावात आमचे नाव झाले.

आता स्टेशनबाहेरच्या टपरीवर म्हणतात, मधुकर मिस्त्री प्यायला लागला असेल. ह्यांना चहा देताना मी जवळ वाकून वास घेतला. वास नव्हता. असा वास घेतला याची दिवसभर लाज वाटली.

२० नोव्हेंबर, रविवार

घरात काहीतरी बिनसले आहे. ते कधीपासून, हे मी शोधते आहे. पोळ्याच्या सुमारास सुरू झाले असावे.

तेव्हापासून हे आपले ताट स्वतः धुतात आणि पडवीतल्या फळीवर वेगळे ठेवतात. लग्न झाल्यापासून ह्यांचे जेवण झाले की मी ह्यांच्याच ताटात वाढून घ्यायची. माझ्या माहेरी, आष्टीला, सगळ्या बाया तशाच जेवत. मॅट्रिक झालेली मी, मला ते मागासलेले वाटायचे. पण हे त्या ताटात माझ्यासाठी काहीतरी ठेवत. बहुतेक लोणच्याची फोड. चोवीस वर्षे त्याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही.

विचारले तर म्हणाले, "आता कुठवर माह्या उष्ट्यात जेवशीन, नलू? जमाना बदलला."

खाटही पडवीत नेली. उकडते म्हणतात. पहाटे मला गोधडी पुरत नाही आणि ह्यांना उकडते.

दिवाळीला कुंदा हिंगणघाटहून बाळाला घेऊन आली होती. आमची एकुलती लेक, तिचा पहिला मुलगा. तिने बाळ पुढे केले तर ह्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, हाताला ग्रीस आहे. अभ्यंगस्नान करून, धुतलेला पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसलेले. कुंदाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, बाबा थकले आहेत.

चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईवरून नवऱ्याचे मन असे हळूहळू उतरते का? कोणाला विचारणार?

२ डिसेंबर, शुक्रवार

तीन आठवड्यांनी दारात गाडी आली, तीही बैलांनी ओढत आणलेली.

नानाजींची हिरवी विलायती. दोनच माणसांची, कापडी छपराची, निम्मी लांबी नुसत्या बोनेटची. नानाजी आमच्या इथल्या कापसाच्या जिनिंगचे मालक, अडुसष्ट वर्षांचे. वीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली. काकूंना शेजारी बसवून केळझरच्या गणपतीला जायचे, रस्त्यावरची पोरे मागे धावायची. काकू गेल्या आणि गाडी आठ वर्षे सरकीच्या गोदामात उभी राहिली. आता एकदा केळझरला स्वतः चालवत न्यायची आणि मग विकायची, असे त्यांनी ठरवले आहे.

बापूरावांचे ऐकले असेल ना, असे मीच विचारले. आडपडदा नको वाटला.

"ऐकलं. पन मधुकरशिवाय हिले हात कोन लावते?" नानाजी म्हणाले. "नागपूरचा मिस्त्री हिच्याकडे पाहून म्हने, हिले अजायबघरात ठेवा. मी म्हटलं, बाबू, मले बी ठेव मग तिच्या बाजूनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहात साखर घालजा बाई. डॉक्टर नाई म्हनते, पन तो काही इथं नाई."

हे हसले नाहीत. जॅकवर पुढचे चाक उचलले, वरून-खालून धरून हलवले. चाकाचा कटकट आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. ह्यांनी मात्र खाली वाकून चाकाला कान लावला. पूर्वी कधी कान लावत नसत.

काल वर्ध्याला गेले होते. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सामान आणायला जातात. काम नाही तर सामान कशाला, हे मी विचारले नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

नानाजींच्या पुतण्याने मुंबईहून पार्सल पाठवले. चाकाजवळचे दोन बॉल जॉइंट मागवले होते, आला एक. दुसरा मिळत नाही म्हणून चिठ्ठी. तो हातात घेतल्यावर मला जुन्या-नव्यातला फरक कळला, आणि ह्यांनीही आज खूप दिवसांनी समजावून सांगितले, म्हणून लिहून ठेवते.

नानाजींची गाडी त्या जातीच्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी. तिचा सांधा उघडता येतो. (मी जॉइंटला सांधाच म्हणते.) खाली चार बोल्टांचे झाकण, आत वाटी, वाटीत गोळा, गोळ्याला वर निघालेली पिन. झाकण आणि वाटीच्या मध्ये ब्लेडसारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या, त्यांना शिम म्हणतात. गोळा झिजून ढिला झाला की एक शिम काढायची, झाकण तेवढे वर सरकते. फार काढल्या की पिन जाम होते, आणि जाम पिन एक दिवस तुटते. कमी काढल्या तर गोळा वाटीतून उडी मारतो. वर ग्रीस घालायला निपल असते. महिन्या-दोन महिन्यांनी ग्रीस घातले तर हा सांधा माणसाच्या आयुष्याला पुरतो.

पुढच्या वर्षांच्या गाड्यांत कंपनीने तो कायमचा बंद करून टाकला. ग्रीस आतच भरलेले, निपल नाही, उघडायची सोय नाही. बिघडला की फेकायचा. भोके तीच, म्हणून जुन्या गाडीतही बसतो. मात्र त्याची पिन जराशी लांब आहे. एका बाजूला जुना आणि एका बाजूला नवा चालत नाही, गाडी एकीकडे ओढते.

हे जन्मभर अशा बंद वस्तूंना शिव्या देत आले. आज तो नवा सांधा टेबलावर ठेवून बराच वेळ पाहत बसले. म्हणाले, "हाच बरा. याच्यात हाताचं काम नाई. बोल्ट कसले का झालं."

मी म्हटले, तुम्हीच सांगायचे ना, जे उघडता येत नाही त्याला मिस्त्री कशाला हवा?

"सांगत असीन," म्हणाले. आणि दुसऱ्या जॉइंटसाठी नागपूरला पत्र लिहायला मला बसवले. पत्र लिहिताना वाटले, टॅक्सीने ह्यांचे मन पार मोडले आहे.

१५ डिसेंबर, गुरुवार

सरकारी दवाखान्याच्या सुलोचनाबाई घरोघरी फिरत आहेत. महारोगाची तपासणी, जिल्हाभर चालली आहे. पांढरे पातळ, खांद्याला पिशवी, बोलणे गोड. मला डोळे मिटायला सांगून हातावर, पाठीवर कापसाची वात टेकवली आणि कुठे लागते ते विचारले. सगळीकडे लागले.

म्हणाल्या, "चट्टा असला अन् तिथं लागत नसलं तर लपवाचं नाई. आता नवी दवा आली. दवा सुरू झाली का दुसऱ्याले लागन होत नाई. घरच्या मानसासंगं जेवा, झोपा, काही नाई होत. लोकं अजून जुन्याच भेवात हायेत."

मग घरात आणखी कोण, म्हणून विचारले. मी ह्यांचे नाव सांगितले. त्यांचे पेन जरा थांबले. शाई अडली असेल. मग वहीत काहीतरी लिहून म्हणाल्या, बरं, ते भेटतीन मले. मी सांगितले, ह्यांना काही नाही, असते तर मला दिसले नसते का? त्यांनी माझ्याकडे पाहिले, पाणी मागितले, आणि सगळे पाणी पिऊन पेला स्वतः विसळून ठेवला.

हे त्या वेळी घरी नव्हते. सकाळपासून जिनिंगवर गेले होते.

२७ डिसेंबर, मंगळवार

नागपूरहून उत्तर आले. दुसरा जॉइंट नाही. मागवायचा तर विलायतेहून, सहा महिने लागतील.

हे ऐकून नानाजी म्हणाले, "सहा महिने? माह्या गुडघ्याले विचारून सांगतो." मग गंभीर झाले. त्यांचे डोळेही अधू होत आहेत, उन्हाळ्यानंतर गाडी चालवणे होणार नाही. "जुनेच बसव ना मधुकर. तुनंच तर बसवले होते सत्तर साली."

नानाजी गेल्यावर ह्यांनी दोन्ही जुने सांधे सोडवून रॉकेलमध्ये घातले, आणि मला हाक मारली.

"हे तू बसवशीन."

मला थट्टा वाटली. पण ह्यांनी माझ्या हातात पिन दिली आणि स्वतःचे हात पाठीमागे नेले. माझ्या हातून चुकले तर, असे मी म्हटले. बापूरावांसारखा नानाजींचा पाय मोडला तर? पाय तरी मोडेल, माणूस गेला तर? हे म्हणाले, "म्हनून तर तुले सांगून राह्यलो."

याचा अर्थ मला लागला नाही. स्वतःवरचा विश्वास उडालेल्या माणसाने बायकोवर कसा ठेवावा?

६ जानेवारी १९८४, शुक्रवार

रोज दुपारी दोन तास. शिम घालते, झाकण कसते, पिन हलवते, पुन्हा उघडते. पहिले चार दिवस काहीच कळेना. सैल आणि जाम एवढेच कळायचे, त्याच्या मधले नाही. हे सांगायचे, जड जायला पाहिजे पण अडखळायला नको. मी म्हटले, हात लावून दाखवा ना एकदा. म्हणाले, दुसऱ्याच्या हातानं शिकता येत नाई.

परवा एकदम लागले. डाळ भरडताना जात्याच्या खुंट्याला आपण चिंधी गुंडाळतो, वरची तळी केसभर उचलली जाते, आणि ती बरोबर उचलली गेली की हाताला समजते. तसेच हे. मी ते सांगितले तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. इतके काय त्यात?

आजकाल फार नेटके वागतात. छपराची कौले फिरवली. गॅरेजच्या प्रत्येक पान्ह्याचे नाव आणि काम मला वहीत लिहून घ्यायला लावले. शिमांच्या जाडीप्रमाणे पुड्या करून त्यांवर माझ्या अक्षरात आकडे घालायला सांगितले. मला बरे वाटले. माणूस सावरतो आहे.

फक्त रंग फार काळवंडला आहे. थंडीत इतके ऊन कुठले लागते, कोण जाणे. काल वर्ध्याहून आले तेव्हा ओळखू येईनात. सामान काही आणले नव्हते.

१५ जानेवारी, रविवार

तिळगूळ दिला. म्हणाले, तिथं ठेव, घेतो. वाटी ओट्यावर ठेवली. हळदीकुंकवाला पाच बायांना बोलावले होते, दोघी आल्या. मीराबाई आल्या नाहीत.

१९ जानेवारी, गुरुवार

आजचे सगळे लिहून ठेवते.

आज सांधे गाडीला शेवटचे बसवायचे होते. डाव्या बाजूला तीन शिमांवर काम झाले. उजव्या बाजूला चार लागल्या. हे एकेक शिम पुसून माझ्या हातात देत होते. चौथी घेतली तर माझी बोटे ओली झाली. पाहिले तर रक्त. मला वाटले मला कापले. माझी बोटे धुतली, कुठे काही नाही.

ह्यांच्या अंगठ्याच्या पेरावर शिमेची कड चांगली आत गेली होती. रक्त मनगटापर्यंत उतरले होते, सदऱ्याची बाही भिजली होती. आणि हे पुढची शिम पुसत होते. मला विचारत होते, "काऊन थांबली? कस ना."

मी कापूस आणते म्हणून आत गेले. परत आले तेव्हा हे पाठमोरे, गाडीच्या मडगार्डवर डावा हात टेकून चाकाकडे पाहत होते. मी कापसाची वात केली. ती त्यांच्या हाताच्या पाठीवर टेकवली. मग करंगळीवर. मग बाही थोडी सारून मनगटाच्या वर. ते चाकाकडेच पाहत राहिले. म्हणाले, बोल्ट फिरू नयेत म्हणून लावलेले पत्र्याचे लॉक वाकवायचे विसरू नको.

मी लॉक वाकवले, आठही. रडू आले तर बोल्ट दिसणार नाहीत, म्हणून रडले नाही. नंतर अंगठा बांधून दिला. बांधताना ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी वर पाहिले नाही. कळल्याचे कळू द्यायचे नव्हते, निदान मला काय वाटते हे मला कळेपर्यंत.

पोळ्यापासूनचे सगळे उलटे फिरवून पाहिले. ताट. खाट. बाळ. मी किती मूर्ख. मला वाटत होते, माझ्यावरून मन उतरले.

२० जानेवारी, शुक्रवार

भीती वाटते. हेही लिहायला हवे. सकाळी त्यांच्या खाटेवरची चादर धुवायला घेतली आणि बादलीत टाकताना हात लांब धरला गेला.

२४ जानेवारी, मंगळवार

नानाजींनी आज गाडी केळझरला नेली. हे शेजारी बसतील असे त्यांना वाटले होते. ह्यांनी सांगितले, "जिनं बसवलं तिलेच नेजा." नानाजी म्हणाले, लोकं काय म्हनतीन. ह्यांनी गाडीचे दार उघडून धरले, म्हणून मी बसले.

वाऱ्याने पदर राहीना. मी मात्र नुसता उजव्या चाकाचा आवाज ऐकत होते. चार शिमा, चार शिमा, असे मनात चालले होते. बापूरावांचा नाला आला तेव्हा नानाजींनी वेग कमी केला. पुलावरून वळण घेतले. खड्डा लागला, गाडी हिंदकळली आणि सरळ झाली. चाक बोलले नाही.

देवळाशी उतरल्यावर नानाजी पायऱ्यांवरच बसले, वर गेले नाहीत.

म्हणाले, "तुमाले म्हाईत हाय का नाई, मले म्हाईत नाई. मधुकर माह्याकडे आलता. म्हने, महिना लागला का मी वर्ध्याकडच्या महारोग्यांच्या वस्तीत राहाले जातो. लेकीच्या सासरी समजलं तर पोरगी घरी येईन. नलूले काम शिकवून राह्यलो, तुमच्या गाड्या तिच्याकडे धाडजा." मग म्हणाले, "जिनिंगात माह्या असे तिघं होते. मी हाकलले. एकाचं तर नाव बी आता आठवत नाई."

मी विचारले, गाडी विकणार ना. हो म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारले, चाक कसे होते. मी म्हटले, चांगले. ह्यांनी मान हलवली आणि वहीत एक पान्हा लिहायचा राहिला होता, तो सांगितला.

२ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला गुरुवार. सकाळी पडवीत पाहिले तर खाटेखाली ट्रंक, दोरीने बांधलेली. हे म्हणाले, यावेळी काम जास्त आहे, दोन-चार दिवस लागतील.

काल मी सुलोचनाबाईंकडे जाऊन आले होते. हातातले जे गेले ते परत येईलच असे नाही, म्हणाल्या. पुढचे वाचेल. अंगाचा रंग दवेचा आहे, तो उतरेल. कुंदाच्या घरचे मी काय करावे, ते मात्र त्यांना सांगता आले नाही. मलाही माहीत नाही.

अकराची पॅसेंजर होती म्हणून ह्यांना लवकर वाढले. जेवण झाले, ताट धुवायला हे उठू लागले, तेवढ्यात मी ते ओढून घेतले. माझ्यासमोर ठेवले आणि त्यात वाढून घेतले. भाकरी, वांग्याची भाजी.

"नलू, काय करून राह्यली?"

मी म्हटले, जेवते आहे.

"ठेव ते खाली. तुले म्हाईत नाई."

"मले सगळं म्हाईत हाय," मी म्हटले. चोवीस वर्षे मी ह्यांच्याशी आष्टीचे शाळेतले शुद्ध बोलत आले. आज तसे निघाले नाही. "जुना हाय तो उघडता येते. कायमचं बंद करून टाकाचं नाई. आठ बोल्ट म्याच कसले, मले शिकवू नका."

पहिला घास घशाखाली उतरत नव्हता. सुलोचनाबाईंचे बोलणे आठवत होते, तरी उतरत नव्हता. पाण्याबरोबर गिळला. दुसराही. तिसऱ्याला थोडे बरे झाले.

अकराची पॅसेंजर गेली, शिट्टी ऐकू आली. पुढची अडीचला आहे. ट्रंक इथेच राहील, मी सोबत जाईन, दवा घेऊन संध्याकाळच्या गाडीने दोघे परत येऊ, असे मी सांगितले. हे भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर उलटे पडलेले, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे.

मग ह्यांनी बरणी पुढे ओढली. बोटांत फोड धरली जाईना, दोनदा सुटली. तिसऱ्यांदा ह्यांनी लोणच्याची फोड उचलली, आणि माझ्याकडे न पाहता ताटाच्या कडेला ठेवली.